दिवाणजींची कुटुंब योजना

बाभुळगावच्या एका जिनिंगमधले दिवाणजी जमीर शेख यांना त्या वर्षी एकच गोष्ट बंद करायची होती, आणि नेमकी तेवढीच बंद होत नव्हती. बाकी सगळं कुणी न सांगता आपापलं बंद पडत होतं. बोंडअळीनं निम्मा कापूस झाडावरच संपवला होता, उरलेल्याला भाव नव्हता, आणि आज ना उद्या भाव येईल म्हणून लोकांनी तो घरात दाबून ठेवला होता. त्यामुळं जिनिंगच्या अंगणात जिथं दरसाल कापसाचे डोंगर लागायचे, तिथं यंदा शेळ्या फिरत होत्या. दिवाळीनंतर एक पाळी बंद झाली, संक्रांतीनंतर दुसरी. मग सेठनी जमीरभाईंना आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला. सेठ आपणहून चहा पाजतात तेव्हा पुढं काय येतं हे एवढ्या नोकरीत जमीरभाईंना पाठ झालं होतं. कप रिकामा होईपर्यंत त्यांचा पगार अर्धा झाला.

तर जमीरभाईंनी घरातला खर्च छाटायला घेतला. पण छाटण्याचीही एक अदब असते. पेपर बंद केला तेव्हा त्यांनी पेपरवाल्याला सांगितलं की डोळ्यांना त्रास होतो. दूध अर्ध्यावर आणलं तेव्हा दूधवाल्याला सांगितलं की डॉक्टरनी मनाई केली आहे. गाडी तर त्यांनी जिनिंगचे दिवस फिरताना पाहून आदल्या उन्हाळ्यातच विकली होती, आणि तीही गावात नाही, यवतमाळात नाही, तर थेट वणीपल्याडच्या राजूरला, म्हणजे आपल्या गाडीत दुसरा माणूस बसलेला बाभुळगावच्या कुणालाच दिसू नये. मोहल्ल्यात त्यांनी सांगितलं की गाडी लेकीला दिली, तिला नागपुरात लागते. लेकीला सांगितलं की गाडी जिनिंगच्या कामाला सेठकडे ठेवली आहे, सेठ सोडतच नाहीत. दोन्ही थापा आपापल्या जागी सुखानं नांदत होत्या. उलट पहिलीनं त्यांची इज्जत वाढली होती. लेकीला गाडी देणारा बाप म्हणून शेजारचे भावसिंग राठोड त्यांना आता चार लोकांत पुढं बसवत.

सगळं छाटून झालं आणि उरलं एक. ‘सूरमेळा’ नावाचं गाण्यांचं अॅप.

हे अॅप घरात आणलं ते मेहनाजनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं. लग्नाआधीची गोष्ट. एका वर्गणीत सहा जण ऐकू शकतात, असं तिनं तेव्हा समजावलं होतं आणि त्याला ‘कुटुंब योजना’ म्हणतात असंही सांगितलं होतं. एकच मूल असलेल्या जमीरभाईंना ते ऐकताना जरा चमकल्यासारखं झालं होतं, पण लेकीपुढं काय बोलणार. या योजनेत जमीरभाई कुटुंबप्रमुख होते. ते स्वतः एकही गाणं ऐकत नसत. त्यांची बायको जुबैदा दुपारी शिलाई करताना कव्वाल्या लावायची, मेहनाज नागपुरात तिच्या घरी ऐकायची, जावई ऐकायचे, आणि वर्गणी दर महिन्याला जमीरभाईंच्या खात्यातून न विचारता जायची. पगार पुरा होता तोवर त्यांना त्याची खबरही नव्हती. आता मात्र ती महिन्याच्या महिन्याला दाढेसारखी ठणकायला लागली.

मेहनाजला एक फोन केला असता तर ते दोन मिनिटांचं काम होतं. पण मग ती विचारणार, अब्बा, काहून बंद करून राह्यले? आणि याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. डोळ्यांचं कारण गाण्याला लागत नाही. जुबैदाचं म्हणणं होतं की पोरीला खरं काय ते सांगून टाकावं. जमीरभाईंनी तिला बजावलं की पोरीच्या सासरी बापाचा अर्धा पगार जाता कामा नये. हे काम आपण गुपचूप करायचं.

पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ते चष्मा लावून फोन घेऊन बसले. अॅप मराठीत होतं, पण ती मराठी कुठल्या गावची ते कळत नव्हतं. ‘सदस्यता रद्द करा’ असं दाबल्याबरोबर पडद्यावर एक तुटलेलं काळीज आलं आणि खाली अक्षरं आली, की आपणास जाताना पाहून आम्ही दुःखी आहोत. जमीरभाईंना खरंच थोडं वाईट वाटलं. सेठनी पगार कापला तेव्हा एवढंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. पुढं अॅपनं कारण विचारलं. पहिलं कारण होतं, ‘परवडत नाही’. ते त्यांनी वाचलं न वाचल्यासारखं केलं. दुसरं, ‘गाणी आवडत नाहीत’, हे खोटं होतं. शेवटी ‘इतर’ असं होतं आणि त्याखाली लिहायला चौकोन. जमीरभाईंनी सरळ अर्ज लिहायला घेतला. महोदय, सदर सदस्यता काही अपरिहार्य कारणास्तव पुढे चालू ठेवणे शक्य नसल्याने, वगैरे. चौकोन ‘अपरि’पाशी भरला आणि पुढचं घेईना. त्यांनी तेवढंच पाठवलं. उत्तर आलं की आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत; मात्र ही सदस्यता आपण या उपकरणावरून घेतलेली नाही. जिथून घेतली, तिथूनच ती रद्द होईल.

कुठून घेतली हे त्यांना आठवेना. मेहनाजनं तेव्हा काय दाबलं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. बहुधा टीव्हीवरून असेल, असा त्यांनी कयास केला.

टीव्हीवर अक्षरं उमटवायची म्हणजे रिमोटनं एकेका अक्षरापर्यंत चालत जायचं. ‘ज’पासून ‘म’पर्यंत जाताना बटण जरा जास्त दाबलं गेलं की माणूस थेट ‘ळ’ला पोहोचायचा आणि पुन्हा माघारी यायचा. एवढं करून नाव पुरं झालं तेव्हा टीव्ही म्हणाला की खात्री करण्यासाठी एक अंक पाठवला आहे. तो अंक जुबैदाच्या फोनवर आला. जुबैदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. जमीरभाईंनी तिथून अंक विचारला आणि तिनं सांगायला साफ नकार दिला. मागच्याच महिन्यात बँकेची गाडी भोंगा लावून गावात फिरली होती, की फोनवर आलेला अंक कुणालाही सांगू नका, कुणालाही म्हणजे कुणालाही. जमीरभाईंनी समजावलं की मी तुझा नवरा आहे. जुबैदानं सांगितलं की भोंग्यात नवऱ्याचं वेगळं काही म्हटलं नव्हतं. ही चर्चा संपेपर्यंत अंकाची मुदत संपली. दुसऱ्या अंकाच्या वेळी तिचं मन वळलं, पण तोवर टीव्हीनं जमीरभाईंनाच चोर ठरवून एका दिवसासाठी बाहेर काढलं होतं.

ही भानगड भिंतीपलीकडं गेलीच. भावसिंग राठोड तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले. दुनियेतलं कुठलंही काम अर्ज देऊन पोच घेतल्याशिवाय होत नाही, असा त्यांचा पक्का विश्वास. जमीरभाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की गाणी ऐकायला वेळ मिळत नाही म्हणून बंद करतो आहे. भावसिंग लगेच आत येऊन बसले आणि घरात सूरमेळ्याचा माणूस कोण आहे ते विचारू लागले. माणूस असा कुणी नव्हता, पण कपाटावर एक बोलका डबा होता. मेहनाजनं ईदला पाठवलेला. त्याला गाणं सांगितलं की तो लावायचा.

“मंग याले सांगा ना, दिवाणजी,” भावसिंग म्हणाले. “बोलते तं ऐकतही असंलच.”

जमीरभाई डब्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, सदस्यता बंद कर. डब्याला ‘बंद कर’ तेवढं समजलं आणि तो बंद झाला. पुन्हा चालू केला. या वेळी त्यांनी ‘रद्द कर’ म्हटलं. डब्यानं कसलं तरी जोरकस भांगड्याचं गाणं लावलं. ते थांबवेपर्यंत समोरच्या घरातली दोन माणसं काय समारंभ आहे ते पाहायला फाटकाशी आली. मग भावसिंगांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी घसा साफ केला आणि डब्याकडं तोंड करून कचेरीच्या भाषेत सुरुवात केली, अर्जदार श्री. जमीर शेख, राहणार बाभुळगाव, यांच्या नावे असलेली कुटुंब योजना. डबा म्हणाला की आपल्याला मोठी कुटुंब योजना हवी आहे का. भावसिंगांना एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि न ऐकू आलेल्या प्रत्येक गोष्टीला होकार द्यायची त्यांना नोकरीपासूनची सवय होती.

“हो, हो,” ते म्हणाले. “बराबर.”

डब्यानं अभिनंदन केलं.

अशा रीतीनं योजना बंद व्हायच्या ऐवजी वाढली, आणि वर्गणीही वाढली. भावसिंगांनी जाताना पोच मागून घ्यायला सांगितलं. पोच मागायची गरज पडली नाही, कारण कुटुंबातल्या सगळ्यांच्या फोनवर एकदम निरोप गेला होता की जमीर यांनी आपल्यासाठी मोठी योजना घेतली आहे. पाचच मिनिटांत नागपूरहून मेहनाजचा फोन आला. मायलेकी हिंदीत बोलत, पण मेहनाज मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं बापलेक वऱ्हाडीत. तिनं विचारलं की अब्बा, हे काय घेतलं तुम्ही. तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण ते म्हणाले की यंदा जिनिंग बरी चालू आहे, म्हटलं पोरांना जरा चांगलं ऐकू दे. पलीकडं मेहनाजनं ‘बरी चालू आहे?’ एवढंच विचारलं आणि मग बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर जुबैदा नवऱ्याकडं पाहत राहिली. मग ती शिलाईला बसली, पण कव्वाली लावली नाही, आणि जमीरभाईंना तेच जास्त लागलं.

आता बँकेतून पैसेच अडवायचे, असं त्यांनी ठरवलं. बँकेत कुठल्या तरी योजनेसाठी अंगठे लावायला बायकांची दारापर्यंत रांग होती. खिडकीतल्या बाई सकाळपासून थकलेल्या. जमीरभाईंनी त्यांना हळू आवाजात सांगितलं की खात्यातून आपोआप जाणारी एक रक्कम थांबवायची आहे. बाईंनी मोठ्यानं विचारलं, कोणती? जमीरभाईंनी आणखी हळू सांगितलं, गाण्याची. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही. रांगेतल्या एका आजीबाईंना मात्र आलं, आणि हे बाबा गाण्याचे पैसे भरतात हे त्यांनी मागच्या सगळ्यांना सांगितलं. कान लाल झालेले जमीरभाई बाईंनी पुढं केलेल्या कागदावर कुठंही न पाहता सही करून बाहेर पडले. पुढं असं कळलं की बाईंनी आपोआप जाणारी एक रक्कम थांबवली होती खरी, पण ती विजेच्या बिलाची होती.

हे कळायला थोडा काळ गेला. एका भर दुपारी लाइनमन आला आणि शिडी लावून तार काढून निघून गेला. उन्हाळा तोंडावर आलेला. जमीरभाईंनी फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की घरात नवीन वायरिंग घेतली आहे. भावसिंगांनी तर कौतुकानं कोणत्या कंपनीची वायर ते विचारलं. बिल भरून, दंड भरून, दोनदा कचेरीत हेलपाटे घालून वीज परत आली, तेव्हा घरात पहिला बोलला तो कपाटावरचा डबा. सूरमेळ्यात आपलं पुन्हा स्वागत आहे, असं तो म्हणाला. जमीरभाई त्याच्याकडं बघत खुर्चीत बसले. कापसाच्या धंद्यात त्यांनी आग पाहिली होती, पाऊस पाहिला होता, बुडालेले व्यापारी पाहिले होते. पण इतकं लाचार त्यांना कधी वाटलं नव्हतं. जिनिंग बंद पडायची तेव्हा निदान कुणी माणूस असायचा, त्याला बोलता यायचं, भांडता यायचं. इथं नुसता गोड आवाज होता.

शेवटचा उपाय रहमतनं सांगितला. रहमत हा जिनिंगचा फिटर. यंत्रं बंद असल्यानं तोही दिवसभर चौकीदाराच्या खाटेवर बसून असायचा. टीव्ही कारखान्यातून आला होता तसा कोरा करून टाका, असं त्यानं सांगितलं, आणि कोणती बटणं धरून ठेवायची तेही. जमीरभाईंनी ती धरून ठेवली. टीव्ही कोरा झाला. आपली भाषासुद्धा विसरला आणि कुठल्या तरी चौकोनी लिपीत बोलू लागला. जुबैदानं अंदाजानं बटणं दाबत दाबत त्याला मराठीवर आणलं, आणि या वेळी तिनं फोनवरचा अंकही आपणहून वाचून दाखवला. सूरमेळा उघडला. कोरा टीव्ही नवा समजून अॅपनं त्यावर सगळा इतिहास मांडला: आपली उपकरणे. फोन. टीव्ही. बोलका डबा. आणि चौथं, कार.

त्याच्यापुढं लिहिलं होतं की ही सदस्यता या उपकरणावरून सुरू झाली. रद्द करण्यासाठी या उपकरणावर जा. आणि त्याखाली, हिरव्या अक्षरांत: आत्ता चालू आहे, राजूर.

मग जमीरभाईंना आठवलं. नवी गाडी घरी आली त्या दिवशी मेहनाज पुढं बसून तिच्या पडद्यावर बराच वेळ काहीतरी करत होती. गाडी विकली तेव्हा त्यांनी डिकीतली चटई काढून घेतली, मागच्या काचेवरचं चिकटवलेलं नाव खरवडून काढलं. पण गाणी काढून घ्यायची असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे इतके दिवस आपण अर्ध्या पगारातून परक्या माणसाला गाणी ऐकवत होतो. जुबैदानं विचारलं, “अब क्या?” ते म्हणाले की राजूरला जावं लागेल.

मोहल्ल्यात त्यांनी वणीला एका लग्नाची बोलणी आहे असं सांगितलं आणि सकाळच्या एस.टी.नं निघाले. यवतमाळला गाडी बदलली, वणीला उतरले, तिथून राजूरला जाणाऱ्या ऑटोत मागं मांडीला मांडी लावून बसले. कोळशाचे ट्रक पुढून येत तेव्हा ऑटोतले सगळे एकदम तोंडावर रुमाल धरत. जमीरभाईंनी लग्नाच्या बोलणीला शोभेल असा पांढरा शर्ट घातला होता. राजूर येईपर्यंत तो बोलणी मोडल्यासारखा दिसू लागला.

गाडी घेणारा गुलाबसिंग चव्हाण खाणीच्या कामगारांची ने-आण करायचा. त्याचं घर रस्त्यालगतच होतं. अंगणात लिंबाखाली गाडी उभी होती. जमीरभाईंना वाटलं होतं, तिला पाहून आपल्याला काही वाटणार नाही. पण बॉनेटवर कोळशाची धूळ बसलेली होती, आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं गेला. गाडीची चारही दारं उघडी होती. आत पुढच्या सीटवर एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती, आणि गाडीत बंजारा भजन चालू होतं.

ती गुलाबसिंगची आई, जमनी; तो तिला याडी म्हणायचा. खाणीचं काम कमी झाल्यानं गाडी बहुतेक उभीच असायची, म्हणून दुपारभर तीच गाडीत बसायची. घरात टीव्हीपुढं सुनांची गर्दी असते, असं गुलाबसिंगनं सांगितलं. त्यानं पाणी दिलं, खाट टाकली. जमीरभाईंनी आपलं काम सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलला.

“गाणे तं गाडीसंगच आलते ना जी,” तो म्हणाला. “सौदा झाला तवा तुमी काही बोलले नाही. याडीनं गाणे ऐकूनच गाडी पसंत केली. मले तं दुसरीच घ्याची होती.”

जमीरभाईंनी समजावायचा प्रयत्न केला की गाणी गाडीत नसतात, ती वरून येतात, आणि त्याची वर्गणी वेगळी असते. ती कोण भरतं, असं गुलाबसिंगनं विचारलं. मी भरतो, असं जमीरभाईंनी सांगितलं. मग गुलाबसिंगनं अगदी साधेपणानं विचारलं की इतके दिवस भरली, तर आताच कायले बंद करता. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. जमीरभाई उठून गाडीपाशी गेले.

जमनीनं त्यांना जागा करून दिली आणि भजन चांगलं आहे म्हणून सांगितलं. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पडद्यावर सगळं सहज सापडलं. तुटलेलं काळीज आलं, कारणं आली. ‘इतर’ होतं, पण गाडीच्या पडद्यावर लिहायचा चौकोनच नव्हता. काही न निवडता पुढं जाता येईना. एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला दारात वाकून पाहणारा गुलाबसिंग. जमीरभाईंनी बोट पुढं केलं, मागं घेतलं, आणि शेवटी ‘परवडत नाही’वर ठेवलं.

भजन मध्येच थांबलं.

“गाडी बिमार पडली का?” जमनीनं विचारलं.

नेटवर्क गेलं, असं जमीरभाई म्हणाले. गुलाबसिंगनं पडद्यावरचं वाचलं होतं. तो दारातून बाजूला झाला आणि घरात चहा ठेवायला सांगून आला. कीव करून ठेवलेल्या त्या चहापुढं सेठचा चहा बरा होता, असं जमीरभाईंना वाटलं.

चहा यायच्या आत फोन वाजला. मेहनाज.

“अब्बा, कुठं आहा?”

“जिनिंगमधे,” जमीरभाई म्हणाले. त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि जमनीनं गाडी कधी बरी होईल ते पुन्हा विचारलं.

“तुमी राजूरले आहा,” मेहनाज म्हणाली. “आमच्या सगळ्यायच्या फोनवर आलं आता. जमीर यांनी कुटुंब योजना रद्द केली. कारण बी आलं.”

जमीरभाईंनी स्टिअरिंगवर हात टेकवले.

मेहनाज सावकाश सांगत होती. घरातलं कोण काय ऐकतं ते सगळ्यांना दिसतं. मागच्या उन्हाळ्यापासून गाडी रोज दुपारी राजूरला उभी दिसायची आणि बंजारा भजनं ऐकायची. होळीला दिवसभर त्यांची होळीची गाणी चालली होती. बाभुळगावचे सेठ राजूरला बसून भजनं ऐकत नाहीत, एवढं तिला कळत होतं. गाडी गेली हे तिला तेव्हाच समजलं, आणि मग यंदाच्या कापसाचे हाल ऐकून पगाराचंही. आपलं नाव योजनेतून काढायचा तिनं कितीदा प्रयत्न केला, पण कुटुंबप्रमुखाशिवाय ते निघत नाही म्हणे.

“मंग मले सांगतलं काहून नाही?” जमीरभाईंनी विचारलं.

“तुमीच सांगसान म्हनून वाट पायली,” ती म्हणाली. “तुमी मोठा प्लॅन घेतला.”

मग मेहनाजनं विचारलं की भजनं ऐकणारं कोण होतं. जमीरभाईंनी तोंड दुसरीकडं वळवून हळूच म्हातारीचं सांगितलं. मेहनाज म्हणाली की ती आता स्वतःच्या नावानं छोटी योजना घेते, तिला झेपते, आणि त्यात सहा जणांची जागा आहे. आजीबाईंच्या मुलाचा नंबर द्या.

तसं तिनं केलंही. दोन दिवसांत जुबैदाची शिलाई पुन्हा कव्वालीवर चालू लागली, आणि राजूरहून गुलाबसिंगचा निरोप आला की गाडी बरी झाली, याडीनं दुवा दिली आहे. जमीरभाईंच्याही फोनवर आमंत्रण आलं, की मेहनाज यांनी आपल्याला त्यांच्या कुटुंबात बोलावले आहे. उघडल्यावर एकच प्रश्न होता. ही योजना एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे. आपण मेहनाज यांच्यासोबत राहता का? हो. नाही.

जुबैदानं ‘हो’ दाबलं होतं. जमनीच्या वतीनं गुलाबसिंगनंही दाबलं होतं आणि कागदोपत्री ती नागपूरला राहायला गेली होती. जमीरभाईंनी मात्र थापा मारायच्या त्या तोंडानं मारल्या होत्या. लिहून, सही करून, पत्ता देऊन खोटं असं आयुष्यात एकही केलं नव्हतं. जिनिंगच्या वजनकाट्यावर सुद्धा नाही. त्यांनी ‘नाही’ दाबलं. अॅपनं लगेच सांगितलं की क्षमस्व, आपण या कुटुंबाचे सदस्य होऊ शकत नाही. आता कुटुंबात लेक होती, जावई होते, बायको होती, राजूरची जमनी होती. बाहेर होता तो एकटा कुटुंबप्रमुख. गाणी त्यांना ऐकायची नव्हतीच. तरी त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

आमंत्रण दुसऱ्यांदा आलं, पुन्हा तोच प्रश्न. जमीरभाई फोन घेऊन ओट्यावर बसले होते. जुबैदानं त्यांच्या खांद्यावरून ते वाचलं.

“झूट कायकू बोलना,” ती म्हणाली. “जाके रहो ना चार दिन. फिर दबाओ.”

गाडी गेल्यापासून ते दोघं नागपूरला गेलेच नव्हते. एस.टी.नं गेलो तर गाडीबद्दल विचारतील, म्हणून दर वेळी काही ना काही सबब निघाली होती. आता सबब उरली नव्हती. जिनिंगमध्ये सुट्टी मागायला गेले तर सेठनी किती दिवसांची तेही विचारलं नाही. रविवारी सकाळी जुबैदानं तिखटाची बरणी बांधून घेतली, जमीरभाईंनी शर्ट धुऊन घेतला, आणि दोघं एस.टी.त बसले. निघताना फाटकाशी भावसिंगांनी विचारलं की मेहनाज गाडी घेऊन न्यायला नाही आली का. जमीरभाई म्हणाले, “गाडी इकली, राठोडसाहेब. मागच्याच साली.” भावसिंगांनी आपल्या सवयीनं हो हो, बराबर, असं म्हटलं. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

नागपूरच्या स्टँडवर मेहनाज घ्यायला आली होती. ती बापाच्या हातातली पिशवी घेऊन पुढं चालू लागली. गाडीचं नाव तिनं काढलं नाही, आणि त्यांनीही नाही. घरी पोचल्यावर जमीरभाई सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, चपला दारात नीट लावलेल्या आहेत ना ते एकदा पाहिलं, आणि मग खिशातून फोन काढला.

आपण मेहनाज यांच्यासोबत राहता का?

त्यांनी ‘हो’ दाबलं. मग चष्मा पुसून, त्याखाली ‘बुधवारपर्यंत’ असं लिहायला कुठं जागा आहे का, ते बराच वेळ शोधत राहिले.